बाप झाला तेव्हाचं वय

वय किती, हा प्रश्न आमच्या कामात पहिल्या भेटीत विचारायचा नसतो. विचारला तर उत्तर मिळतं, पण ते कागदावरचं मिळतं. त्याऐवजी विचारायचं: मोठा मुलगा झाला तेव्हा तुम्ही कारखान्यात कुठल्या खात्यात होता, शिफ्ट कुठली होती, राहायला कुठे होता, दवाखान्यात सोबत कोण गेलं. माणूस बोलायला लागतो. बायको त्याला मध्येच दुरुस्त करते. त्या दुरुस्तीतून जे वय निघतं ते बहुतेक वेळा खऱ्याच्या जवळचं असतं.

हे काम मी चार वर्षं केलं. त्याआधीची नोकरी एका हिंदी दैनिकाच्या भिलाई कचेरीत, बातम्या तपासून पुढे पाठवण्याची. तिथे एक नियम होता. एकाने सांगितली ती ऐकीव गोष्ट. दोघांनी एकमेकांना न विचारता सांगितली तर बातमी. निवृत्तीनंतर एका संशोधन प्रकल्पाने मला कुटुंबांची माहिती नोंदवायला घेतलं, ते या सवयीपायीच. जनुकशास्त्र मला तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. एक आकडा मात्र चांगला ओळखीचा झाला. त्याला पिढीची लांबी म्हणतात.

वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची शेतकरी कुळं एकमेकांपासून केव्हा वेगळी झाली, हा प्रकल्पाचा प्रश्न होता. प्रमुख होत्या डॉ. वसुधा. गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घ्यायचा, तो प्रयोगशाळेत न्यायचा, हे त्यांच्या माणसांचं काम. दर पिढीला डीएनएत थोडे थोडे बदल साचत जातात. ते बदल मोजले की दोन माणसांचा समान पूर्वज किती पिढ्या मागे होता याचा अंदाज येतो. अडचण पुढे आहे. हे घड्याळ पिढ्या मोजतं, वर्षं मोजत नाही. समजा पूर्वज चाळीस पिढ्या मागे निघाला. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर झाली हजार वर्षं. तीस धरली तर बाराशे. मधली दोनशे वर्षं इतिहासात घडलेली नसतात, आपल्या गुणाकारात घडलेली असतात.

म्हणून पिढीची लांबी नुसती धरून चालत नाही, घरोघर जाऊन काढावी लागते. पिढी म्हणजे पहिलं मूल झालं तेव्हाचं वय, असं बहुतेकांना वाटतं. ते चूक आहे. सगळ्या मुलांच्या जन्मावेळची वयं घ्यायची आणि सरासरी काढायची. आईची वेगळी, बापाची वेगळी. वंश थोरल्याकडूनच पुढे जातो असा काही नियम नाही; शेंडेफळालाही नातवंडं होतात.

भिलाई निवडण्याचं कारण कागद. नदीकाठच्या गावांत आठवणी भरपूर होत्या, कागद नव्हते. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा त्याच गावांतून माणसं भिलाईला आली, कामाला लागली, इथेच राहिली. त्यांची मुलं कारखान्याच्या दवाखान्यात जन्मली. तास-मिनिटासकट नोंद आहे. बापाची जन्मतारीख सर्व्हिस बुकात. पहिल्या वर्षी आम्ही सरळ कागदांवरून तक्ते भरले. माझ्या नियमाप्रमाणे दोन पुरावे लागत, तर सर्व्हिस बुक हा एक आणि पेन्शनचा कागद हा दुसरा असं मी धरलं. दुसरा कागद पहिल्यावरूनच उतरवलेला असतो हे लक्षात यायला मला वर्ष लागलं. कचेरीतल्या एखाद्या नव्या मुलाने ही चूक केली असती तर मी त्याला दिवसभर बोलले असते.

चूक डॉ. वसुधांनी पकडली. आयांची वयं भिलाईत आणि गावांत सारखी येत होती. बापांची भिलाईत अचानक कमी झाली होती. त्यांनी माझ्यापुढे सात तक्ते ठेवले.

"या सात घरांत नवरा बायकोपेक्षा लहान आहे. त्या पिढीत तुमच्याकडे अशी पद्धत होती का?"

"नव्हती."

"मग काय झालं असेल?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या. मी म्हटलं, विचारून येते.

सातांपैकी पहिलं घर हुडको वसाहतीत होतं. केशवराव रेल मिलमधून, रूळ बनवणाऱ्या खात्यातून, निवृत्त झालेले, देवकाबाई त्यांची पत्नी. कागदाप्रमाणे केशवराव त्यांच्याहून वर्षभराने लहान. मी तसं सांगितलं तेव्हा देवकाबाई भाजी निवडायच्या थांबल्या.

"लहान? लगनात याले मिशी होती, बाई. मी चौथीत होती."

केशवराव हसले. "भरतीच्या लाइनमध्ये एक जन सांगून राहिला होता, वय कमी लिवा, रिटायर उशिरा होसान. समोरच्यानं लिवलं, मागच्यानं लिवलं. मंग मी कावून मागं राहू?"

"किती कमी लिहिलं?"

"पाच वर्ष असन."

"आन आता पाहा," देवकाबाई म्हणाल्या. "डॉक्टरले कागदावरचं वय सांगते. डॉक्टर म्हणते, इतक्यात तुमचे गुडघे कसे काय गेले? हा म्हणते, काय माहीत. तुले माहीत नाई तं कोनाले माहीत?"

सातही घरांत थोड्याफार फरकाने हेच निघालं. मराठीत याला वय चोरणं म्हणतात. त्या काळी ते चोरी म्हणून कोणी केलं नव्हतं. गावात जन्मतारीख नव्हतीच, एक लिहायची होती, ती सोयीची लिहिली. शाळेत गेलेल्यांची गोष्ट वेगळी नव्हती. गुरुजींनी नाव घालताना एक जुलै लिहिलेली असे, कारण शाळा त्या दिवशी सुरू होई. हुडकोच्या एका गल्लीत मी एक जुलैचे अकरा जन्मदिवस मोजले.

वैशाली नगरातल्या कारकून, अधिकारी घरांत पत्रिका असत. घटका-पळांपर्यंत अचूक. तिथे मला वाटलं, आता निश्चिंत झाले. एका बाईंनी मला दोन पत्रिका दाखवल्या, दोन्ही त्यांच्याच. एक जन्माची, एक लग्न जुळवण्यासाठी केलेली. "यातली खरी कुठली?" विचारलं तर म्हणाल्या, "ज्या पत्रिकेवर लग्न झालं ती चाललीच की इतकी वर्षं."

अशा वेळी वय काढायचं कसं? भावंडांच्या क्रमावरून. शेतकरी घरात आईबाप शेतावर गेले की थोरलं मूल धाकट्याला कडेवर घेऊन फिरतं. कोणी कोणाला कडेवर घेतलं हे माणूस ऐंशी वर्षांनीही विसरत नाही. आणि कागदांवर जे खोटं शिरतं ते यात शिरत नाही, कारण कोणाला कडेवर घेतलं यात कोणाचा फायदा नसतो. एका भावंडाचं वय खात्रीचं मिळालं की बाकीची त्याच्याभोवती लावता येतात. आम्ही सगळे तक्ते पुन्हा भरले. त्यात दीड वर्ष गेलं.

या दुसऱ्या फेरीत मी एक नियम घातला. तक्ता पूर्ण झाला की घरातली मोठी माणसं जमवायची आणि तो त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. दहा घरांपैकी सहा-सात घरांत वाचताना कोणीतरी अडवायचं, नाही हो, ती तेव्हा झालीच नव्हती, आणि तक्ता सुधारायचा. नियम चांगला होता. एका घरात मात्र त्याने माझी पंचाईत केली. त्या घराने लिहायची परवानगी दिली आहे, तरी नावं मी बदलली आहेत. घर भिलाईच्या मरोदा भागातच होतं हेही वाचकाने फार धरून बसू नये.

त्या घरी आम्हाला नेलं प्राचीने. ती जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करत होती. तिच्या भावाला नुकतीच मुलगी झाली होती, आणि पणजोबांपासून पणतीपर्यंत चार पिढ्या एका छपराखाली नांदत होत्या. असं घर आम्हाला क्वचित मिळे. पणजोबांना सगळे आबाजी म्हणत. कारखान्याच्या कागदांत नाव श्रावण लांजेवार, कोक ओव्हनमधून, दगडी कोळशाच्या भट्ट्यांवरून, निवृत्त. कागदावर वय चौऱ्याऐंशी. पत्नी वारलेली. मुलं चार: रमेशभाऊ सगळ्यांत मोठे, तेही कारखान्यातून निवृत्त झालेले आणि प्राचीचे वडील, मग पुष्पाताई, गणेशभाऊ आणि सुनीताताई.

कागदाप्रमाणे चार मुलांच्या वेळी आबाजींचं वय चोवीस, सत्तावीस, तीस आणि पस्तीस. सरासरी एकोणतीस. पत्नीच्या वयाशी त्याचा मेळ बसत होता. वय चोरल्याचं कुठे दिसत नव्हतं. हा माणूस प्रामाणिक निघाला, असं मी डॉ. वसुधांना सांगितलंही.

तक्ता रविवारी घरच्यांसमोर वाचायचा ठरला होता. त्याआधी एकच तपासणी उरली होती. आबाजींची बहीण मैनाबाई भंडारा जिल्ह्यातल्या मूळ गावाजवळच दिलेली होती. तिचं वय तिच्या घरच्यांनी ब्याऐंशी सांगितलं होतं. मी गाडीने आणि मग बसने तिच्याकडे गेले. ती अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत होती. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"आबाजी मोठे, म्हणजे त्यांनी तुम्हाला कडेवर घेऊन फिरवलं असेल?"

"त्यानं मले?" ती हसली. "मी त्याले फिरवलं, बाई. माझी कंबर वाकडी झाली त्याच्यापायी. दोन वर्षानं धाकटा आहे तो. मले फिरवलं ते मोठ्या श्रावणनं. तो तं गेला ना, तापात."

बोलून झाल्यावर तिचा सुपातला हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी भिलाईवाल्या बाई ना?"

"हो."

"मंग मी काई नाई बोलली."

परतताना हिशोब आपोआप जुळत गेला. थोरला श्रावण, मग दोन वर्षांनी मैना, मग आणखी दोन वर्षांनी धाकटा. धाकटा थोरल्याच्या नावाने आणि वयाने भिलाईत नोकरीला लागला. म्हणजे आबाजींचं वय कागदापेक्षा चार वर्षांनी कमी. चार मुलांच्या वेळची वयं वीस, तेवीस, सव्वीस आणि एकतीस. सरासरी एकोणतीस नाही, पंचवीस. एका तपासकाला याहून सरळ उत्तर मिळत नाही. पण हे एकाने सांगितलेलं होतं, आणि दुसरा पुरावा देऊ शकेल असा माणूस एकच होता.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी मरोद्याला गेले. घरात आबाजी एकटे होते. दार त्यांनीच उघडलं.

"मैनाचा फोन आला होता," ते म्हणाले. "या. चहा मले करता येते."

चहा त्यांनी खरोखर केला, कपबश्या पुसून आणल्या, समोर बसले आणि न विचारता बोलायला लागले.

"श्रावण सातवी पास होता. भरती निघाली तं बापानं त्याचा दाखला तयार करून ठेवला. निघायच्या आधी त्याले ताप आला. नवव्या दिवशी गेला. तेरवी झाली, आन बापानं दाखला माझ्या हातात देल्ला. मी पंधराचा होतो. म्हणे, आता तूच श्रावण."

"आणि तुमचं नाव?"

"तुळशीराम." ते नाव त्यांनी जरा थांबून सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. "त्या दिवसापासून मायनं मले नावानं हाकच नाई मारली. श्रावण म्हणवे नाई तिच्यानं. तुळशीराम म्हणाले बापानं मना केलं होतं. ती मरेपर्यंत 'अरे' म्हणे मले. 'अरे, जेवतं का.'"

"मुलांना माहीत आहे?"

"नाई. बायकोले बी नाई समजलं. गावाकडं मी पोरायले नेलंच नाई. मैना येते कधी, ती भाऊ म्हणते, तिले नाव घ्या लागत नाई."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या कोणत्याही तक्त्यात बसणारं नव्हतं. मुलं लहान असताना त्यांनी मुलांना सांगितलं होतं की आपला एक भाऊ तरुणपणी वारला. त्याचं नाव काय, असं रमेशभाऊंनी विचारलं. त्या वेळी दुसरं नाव सुचलं नाही.

"मी माझंच सांगतलं. तवापासून दर पितृपक्षात रमेश तुळशीराम काकाच्या नावानं पान ठेवते. खीर, वडे, समदं. कावळा येते, खाऊन जाते. मी खुर्ची टाकून पाहत बसतो माझंच पान." त्यांनी कप खाली ठेवला. "आन श्रावणले एक घास नाई गेला. साठ वर्षं होऊन गेले, बाई. त्याच्या नावानं मी जेवलो, आन त्याच्या नावानं कोनी पान नाई ठेवलं. कसं ठेवन? श्रावण तं जिता आहे."

मग ते कामाचं बोलले.

"तुमी कागदावरचं वय लिवलं ना? तेच वाचा रविवारी. काय बिघडते?"

"ते चुकीचं आहे हे मला आता माहीत आहे."

"प्राचीनं सांगतलं मले तुमचं गणित. चाळीस पिढ्या गुणिले पंचवीस. त्यात माझे चार वर्षं म्हणजे किती?"

"एका घराने फार फरक पडत नाही."

"मंग?"

"माहीत असताना चुकीचं लिहिता येत नाही. हवं तर हे घर मी तक्त्यातून काढून टाकते. प्राचीला सांगेन, कागद अपुरे निघाले."

मला वाटलं, मी त्यांना सोय करून देते आहे. आबाजींनी ते बराच वेळ तोलून पाहिलं.

"म्हणजे श्रावण म्हणून बी नाई, तुळशीराम म्हणून बी नाई," ते म्हणाले. "मी कोठीच नाई."

त्यांनीच पुढे विचारलं, "नाव लिवता का तुमी तक्त्यात?"

"नाही. घराला नंबर असतो, माणसाला नंबर. मोजणीला नाव लागत नाही. फक्त मूल झालं तेव्हाचं खरं वय."

"पेन्शनवाले येत नाई ना पाहाले?"

"नाही."

"पेन्शनचं बी भेव नाई मले. रमेशचं भेव आहे. त्याच्या नावाच्या मधात श्रावण आहे. चारही पोरायच्या आहे. उद्या म्हणतीन, बापानं भावाची नोकरी खाल्ली आन त्याले उपाशी ठेवलं. खोटं आहे का ते?"

मैनाबाईकडे मी गेले नसते तर हा माणूस पुढल्या पितृपक्षात नेहमीसारखा खुर्ची टाकून बसला असता, आणि आमच्या सरासरीत दिसण्याएवढाही फरक पडला नसता. हे तेव्हाही कळत होतं. तरी मला पुन्हा तोच प्रसंग आला तर मी भंडाऱ्याची गाडी टाळेन असं छातीठोकपणे सांगता येत नाही. उत्तर समोर असताना न बघता परतणं मला कधी जमलेलं नाही. डॉ. वसुधांना मी एवढंच कळवलं की मरोद्याचं घर कदाचित वगळावं लागेल. त्यांनी कारण विचारलं. सांगता येत नाही म्हटलं. "मग तुमच्यावर सोडते," त्या म्हणाल्या.

रविवारी बाळाचं उष्टावण होतं. चारही मुलं, सुना, जावई जमले होते. जेवणं झाल्यावर प्राचीने सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं.

"बाबा, टीव्ही बंद करा ना. मॅडम पढ़ने वाली हैं. आबाजी, आप इधर बैठो, बीच में."

मी पिशवीतून तक्ता काढला. वयांचे रकाने मी कोरे ठेवले होते. नोंद अपुरी राहिली, असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबाजी म्हणाले, "थांबा, बाई. मी सांगतो. तुमी लिवा."

मी पेन उघडलं.

"रमेशच्या वेळेस मी वीस वर्षांचा."

"चोवीस, बाबा," रमेशभाऊ म्हणाले. "सर्व्हिस बुकवर आहे ना. मी पाहिलं आहे."

"सर्व्हिस बुक चुकीचं आहे. पुष्पाच्या वेळेस तेवीस. गणेशच्या वेळेस सव्वीस. सुनीताच्या वेळेस एकतीस."

मी लिहीत गेले. खोलीत आधी हसू पसरलं.

"मतलब आपने उल्टा किया?" प्राची म्हणाली. "सगळे लोक वय कमी लिहितात. आपने बढ़ा दिया?"

"पंधरा वर्षांच्या पोट्ट्याले कोक ओव्हनमध्ये कोन घेते? अठरा पाह्यजे होते."

"म्हणजे चार वर्षं आधीच घरी बसले तुम्ही," गणेशभाऊ म्हणाले. "आमच्या आईचं डोकं खाल्लं ते चार वर्षं. ती बिचारी म्हणे, याले कोनी वापस ड्यूटीवर घ्या."

सगळे पुन्हा हसले. रमेशभाऊ हसले नाहीत. त्यांची अर्धी नोकरी कारखान्याच्या पर्सनल खात्यात गेली होती, भरतीच्या फायली बघण्यात.

"बाबा, दाखल्याशिवाय तं नाई घेत. पंधराच्या पोराले एकोणीसचा दाखला कोनी देल्ला?"

"घरात होता एक."

"कोनाचा?"

"भावाचा."

"तुळशीराम काकाचा? पन तो तं..." रमेशभाऊ थांबले. दाखला भावाचा, आणि सर्व्हिस बुकावर नाव श्रावण. एवढं जुळवायला त्यांना वेळ लागला नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही. फक्त मांडीवर ठेवलेले दोन्ही हात त्यांनी एकमेकांत घट्ट धरले. बाकीच्यांचं बोलणं बाळाकडे वळलं होतं. पुष्पाताई विचारत होत्या, ही झाली तेव्हा हिच्या बापाचं वय किती, तेही लिहून घ्या. मी लिहून घेतलं.

वाचन झालं की घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची असते. मी कागद आबाजींपुढे ठेवला. त्यांनी पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं, आणि तसंच ठेवलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"आबाजी, साइन करो ना," प्राची म्हणाली. "भूल गए क्या?"

रमेशभाऊ उठले आणि माझ्याजवळ आले. "बाई, पॅड आहे का तुमच्याजवळ?"

माझ्या पिशवीत शाईचं पॅड असतं. मी दिलं. त्यांनी ते उघडून बापापुढे धरलं.

"अंगठा द्या, बाबा. अंगठा चालते."

अडतीस वर्षं कारखान्याच्या रजिस्टरात सही केलेल्या माणसाने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर उमटवला. अंगठ्याखाली तो कोणाचा हे लिहायची पद्धत आहे. ती ओळ मी कोरी ठेवली.

रमेशभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, खाली बसले आणि बापाचा अंगठा पुसायला लागले. शाई लवकर निघत नव्हती. पुसता पुसता, मान वर न करता, त्यांनी हळू आवाजात विचारलं, "या वर्षी पान कोनाच्या नावानं ठेवू?"

"श्रावणच्या," आबाजी म्हणाले. "दोन वाढजो. लई वर्षांचा उपाशी आहे तो."